पोलीस कुणाच्या दारी, कोण पोलिसांच्या दारी

पासपोर्टच्या पडताळणीसाठी एकदा, भाडेकरूची नोंद करायला एकदा, हरवलेल्या कागदपत्रांचा दाखला घ्यायला एकदा. पुण्या-मुंबईतल्या सुस्थितीतल्या पांढरपेशा माणसाचा पोलिसांशी आयुष्यभराचा संबंध बहुधा एवढ्यातच आटोपतो. त्याच शहराच्या कडेला पाल ठोकून राहणाऱ्या पारधी तरुणाला मात्र पोलीस भेटलेच नाहीत असा महिना आठवून शोधावा लागतो. या दोघांची सरासरी काढली तर जो आकडा येईल, तो दोघांपैकी कुणाच्याच आयुष्याबद्दल काही सांगणार नाही.

पोलिसांशी कुणाचा किती वेळा संबंध येतो, हा प्रश्न साधा वाटतो. गेल्या चार दशकांत ब्रिटन, अमेरिका आणि फ्रान्समध्ये त्यावर भरपूर मोजमाप झाले. भारतात ते आता कुठे सुरू होते आहे. सारे एकत्र वाचले तर एक गोष्ट ठसठशीत दिसते. ‘किती वेळा’ या आकड्याला ‘कुणी सुरुवात केली’ आणि ‘शेवटी हाती काय आले’ हे दोन प्रश्न जोडल्याशिवाय अर्थ नाही. आपण होऊन पोलिसांकडे जाणे आणि पोलिसांनी आपल्याकडे येणे हे दोन वेगळे अनुभव आहेत. समाजाच्या उतरंडीत जो जितका खाली, तितका पहिला अनुभव त्याच्या वाट्याला कमी येतो आणि दुसरा जास्त. ज्यांच्यावर पहारा अधिक, त्यांनाच संरक्षण अपुरे, ही या विषयातली मुख्य गोष्ट आहे.

एकूण आकड्याची फसगत

अमेरिकेच्या न्याय खात्याची सांख्यिकी शाखा दर काही वर्षांनी सोळा वर्षांवरील नागरिकांना विचारते : गेल्या बारा महिन्यांत तुमचा पोलिसांशी समोरासमोर किंवा इतर मार्गाने संबंध आला का? 2018 च्या पाहणीत सुमारे 24 टक्के लोकांनी होकार दिला, म्हणजे 6 कोटींहून अधिक माणसे. वंशानुसार फोड केली की वाचणारा चमकतो. गोऱ्यांमध्ये हे प्रमाण 26 टक्के, कृष्णवर्णीयांमध्ये 21 आणि हिस्पॅनिकांमध्ये 19. एवढ्यावर थांबले तर अमेरिकी पोलीस गोऱ्यांच्याच मागे लागले आहेत, असे कुणी म्हणू शकेल.

उलगडा संबंधाच्या प्रकारात आहे. गोरे नागरिक पोलिसांना स्वतःहून अधिक बोलावतात. घरफोडी झाली, शेजारी गोंगाट झाला, अपघात झाला की फोन फिरवतात. फोन केला तर मदत येईल, आपल्यालाच गजाआड टाकणार नाहीत, हा विश्वास त्यामागे असतो. पुढचा आकडा याची दुसरी बाजू दाखवतो. ज्यांचा पोलिसांशी संबंध आला, त्यांपैकी धमकी किंवा बळाचा वापर अनुभवणारे गोऱ्यांमध्ये सुमारे 2 टक्के, हिस्पॅनिकांमध्ये 3 आणि कृष्णवर्णीयांमध्ये 4 टक्के होते.

भारतातली चौकटही वेगळी नाही. ‘कॉमन कॉज’ ही संस्था आणि सीएसडीएस या संशोधन संस्थेचा ‘लोकनीती’ विभाग यांनी 2018 मध्ये 22 राज्यांतल्या साडेपंधरा हजार लोकांची पाहणी केली. मागच्या चार-पाच वर्षांत पोलिसांशी संबंध आला असे सांगणारे साधारण सातांत एक निघाले. याचा अर्थ पोलीस कुणाला त्रास देत नाहीत, असा नाही. बहुसंख्य माणसे पोलीस ठाण्याची पायरी चढणे शक्यतो टाळतात, हा त्याचा एक अर्थ आहे. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, हे शहाणपण आपण ठाण्यालाही लावून ठेवले आहे. याच पाहणीत वर्गाचा फरकही दिसला : सुस्थितीतली माणसे स्वतःहून पोलिसांकडे जाण्याचे प्रमाण जास्त, तर गरिबांकडे पोलीस स्वतःहून जाण्याचे प्रमाण जास्त.

मोजायचे कसे?

एखाद्या गटाला पोलीस जास्त अडवतात हे कळले, की पुढचा प्रश्न येतो : कशाच्या तुलनेत जास्त? लोकसंख्येतल्या वाट्याशी तुलना करणे सोपे असते, पण रस्त्यावर कोण, किती वाजता आणि किती वेळ असतो, हे लोकसंख्येच्या आकड्यात दिसत नाही. पहाटे भाजी आणायला निघणारा, रात्रपाळी करून परतणारा, एका खोलीत आठ जण राहत असल्यामुळे संध्याकाळ नाक्यावर काढणारा, हे सगळे पोलिसांच्या नजरेला जास्त पडणारच. या अडचणीवर संशोधकांनी तीन तोडगे काढले आणि ते तिन्ही समजून घेण्यासारखे आहेत.

पहिला तोडगा अंधाराचा. दिवसा चालकाचा रंग लांबून दिसतो, अंधारात तितका दिसत नाही. सूर्यास्ताची वेळ वर्षभर सरकत असते, त्यामुळे संध्याकाळी सातची तीच वेळ कधी उजेडाची असते, कधी अंधाराची. रस्त्यावरची माणसे जवळपास तीच असतात. मग उजेडात अडवलेल्यांत कृष्णवर्णीयांचे प्रमाण जास्त आणि अंधारात कमी निघाले, तर फरक नजरेचा आहे हे उघड होते. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या गटाने अमेरिकेतल्या सुमारे 10 कोटी वाहन-तपासण्यांच्या नोंदींना ही कसोटी लावली आणि 2020 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले : अंधार पडला की अडवलेल्यांतला कृष्णवर्णीयांचा वाटा घटतो.

दुसरा तोडगा झडतीत काय सापडले, हे पाहण्याचा. दोन गटांची झडती सारख्याच सबळ संशयावरून घेतली जात असेल, तर माल सापडण्याचे प्रमाणही सारखेच असायला हवे. एका गटात ते कमी निघाले, तर त्या गटातल्या माणसाला थांबवायला पोलिसांना थोडका संशयही पुरतो, असा अर्थ निघतो. न्यूयॉर्कचे उदाहरण यासाठी नेहमी दिले जाते. 2004 ते 2012 या काळात तिथल्या पोलिसांनी रस्त्यावर 44 लाख वेळा लोकांना थांबवले. त्यात 80 टक्क्यांहून अधिक कृष्णवर्णीय किंवा हिस्पॅनिक होते आणि सुमारे 88 टक्के वेळा पुढे ना अटक झाली, ना दंड. ऑगस्ट 2013 मध्ये फेडरल न्यायालयाने ही पद्धत ज्या रीतीने राबवली गेली ती घटनाबाह्य ठरवली. 2011 मध्ये 6 लाख 85 हजारांवर गेलेली ही संख्या 2014 मध्ये पन्नास हजारांच्या खाली आली. या घसरणीमुळे गुन्हे उसळतील, ही भीती खोटी ठरली.

तिसरा तोडगा फ्रान्समधला. तिथे वंशाची अधिकृत नोंद ठेवायला कायद्याचा अडसर आहे, म्हणून मोजमापच अशक्य, असे मानले जाई. फाबियाँ जोबार आणि रने लेव्ही या संशोधकांनी 2007-08 मध्ये पॅरिसच्या गार द्यू नोर आणि शातले या स्थानकांच्या परिसरात निरीक्षक उभे केले. आधी तिथून ये-जा करणाऱ्यांची गणना केली, मग पोलिसांनी केलेल्या 500 हून अधिक तपासण्या गुपचूप नोंदवल्या. कृष्णवर्णीय दिसणाऱ्यांना गोऱ्यांच्या तुलनेत सुमारे सहा पट, तर अरब दिसणाऱ्यांना त्याहूनही जास्त वेळा थांबवले जात होते. पेहरावाचाही मोठा भाग होता. तरुण मुलांच्या विशिष्ट पद्धतीच्या कपड्यांवर पोलिसांची नजर लगेच जाई. सरकार नोंद ठेवत नसले तरी मोजता येते, हा या अभ्यासाचा भारताच्या दृष्टीने सर्वांत उपयोगी धडा आहे.

ब्रिटन : कागद ठेवला, दरी उरली

नोंद ठेवण्याची शिस्त ब्रिटनने दंगलींतून शिकली. एप्रिल 1981 मध्ये लंडनच्या ब्रिक्स्टन भागात ‘स्वॅम्प 81’ या मोहिमेत साध्या वेशातल्या पोलिसांनी काही दिवसांत 943 जणांना थांबवले. त्यांत मोठ्या संख्येने कृष्णवर्णीय तरुण होते. त्याच आठवड्यात ब्रिक्स्टन पेटले. लॉर्ड स्कारमन यांच्या चौकशीनंतर 1984 चा पोलीस व फौजदारी पुरावा कायदा आला. झडतीचे कारण लिहून ठेवणे बंधनकारक झाले, पुढे वंशाची नोंदही आली.

1993 मध्ये स्टीफन लॉरेन्स या कृष्णवर्णीय तरुणाचा वंशद्वेषातून खून झाला आणि तपासात पोलिसांनी अक्षम्य ढिलाई केली. त्यावरच्या 1999 च्या मॅकफर्सन अहवालाने लंडन पोलीस दलात ‘संस्थात्मक वंशवाद’ असल्याचे नोंदवले. या प्रकरणाचे मर्म इथे लक्षात घ्यायला हवे. ज्या समाजातल्या तरुणांना रस्त्यावर सारखे थांबवले जात होते, त्याच समाजातला एक तरुण मारला गेला तेव्हा तपासाला पोलीस पुरेसे उतरले नाहीत. पहारा जास्त आणि संरक्षण कमी, हे एकाच नाण्यावर छापलेले होते.

नोंद ठेवल्याने दरी बुजली का? नाही. मार्च 2023 अखेरच्या वर्षात इंग्लंड-वेल्समध्ये दर हजार गोऱ्यांमागे सुमारे 6 झडत्या झाल्या, तर दर हजार कृष्णवर्णीयांमागे 24 हून अधिक. पण हा आकडा दर वर्षी संसदेत आणि वर्तमानपत्रांत मांडला जातो, गृहखात्याला त्यावर उत्तर द्यावे लागते. आपल्याकडे उत्तर मागायलाही आकडा नाही.

भारत : शेवटच्या पायरीचा हिशेब

रात्री नाक्यावर नाकाबंदी लागली. किती गाड्या थांबवल्या, कुणाच्या, का, त्यातून काय निघाले, याचा माणूसनिहाय कागद आपल्याकडे होत नाही. वस्तीत ‘कोंबिंग ऑपरेशन’ झाले की किती संशयित ताब्यात घेतले, याचा आकडा दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात येतो. त्यांतले किती सोडून दिले, हे बहुधा येत नाही. जात-धर्मानुसार नियमित आणि जाहीर आकडे मिळतात ते थेट तुरुंगाचे. म्हणजे संपूर्ण प्रवासातली फक्त शेवटची पायरी आपल्याला दिसते.

तीही बोलकी आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या 2022 च्या अहवालानुसार देशाच्या तुरुंगांत 5 लाख 73 हजार माणसे होती आणि त्यांतले जवळजवळ 76 टक्के कच्चे कैदी, म्हणजे गुन्हा सिद्ध न झालेले. कच्च्या कैद्यांत साधारण पाचांत एक अनुसूचित जातींतला असतो. लोकसंख्येत हा वाटा 16.6 टक्के आहे. मुस्लिमांचा लोकसंख्येतला वाटा 14.2 टक्के, कच्च्या कैद्यांत तो अलीकडच्या वर्षांत 17 ते 19 टक्क्यांच्या आसपास राहिला आहे. अर्थात तुरुंगाच्या आकड्यात पोलिसांचा पक्षपात, गरिबी, जामिनासाठी पैसे नसणे आणि वकील न मिळणे हे सगळे एकत्र मिसळलेले असते. जामीनदार मिळाला नाही म्हणून आत राहिलेला माणूस पोलिसांनी कसा पकडला, हे तो आकडा सांगत नाही. त्यासाठी मागच्या पायऱ्यांकडे जावे लागते.

वारशाने आलेला संशय

महाराष्ट्रात मागे जाताना वाट सोलापूरला पोचते. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने काही समाज जन्मानेच गुन्हेगार ठरवले. 1911 मध्ये तो कायदा मुंबई इलाख्यासह देशभर लागू करण्याची सोय झाली. नाव नोंदवा, बोटांचे ठसे द्या, हजेरी लावा, गाव सोडायचे तर पास घ्या, असा तो कारभार होता. सोलापूरला तारेच्या कुंपणातली मोठी वसाहत उभी राहिली. पोलिसांशी संबंध किती वेळा, हा प्रश्न या माणसांच्या बाबतीत कायद्यानेच सोडवून टाकला होता : रोज.

31 ऑगस्ट 1952 रोजी हा कायदा रद्द झाला आणि हे समाज ‘विमुक्त’ झाले. पण त्याची जागा राज्याराज्यांच्या सराईत गुन्हेगार कायद्यांनी घेतली. मुंबई राज्याचा कायदा 1959 चा. कागदावर तो व्यक्तीला लागू होतो, जमातीला नाही. ठाण्यातल्या स्मरणशक्तीला मात्र एवढा फरक कळत नाही. परिसरात घरफोडी झाली की तपास ‘रेकॉर्डवरच्या’ माणसांपासून सुरू होतो. रेकॉर्डवर कोण, तर पूर्वी ज्यांना उचलले ते. आणि पूर्वी का उचलले, तर त्याआधीही तपास तिथूनच सुरू झाला होता म्हणून. वरून ‘डिटेक्शन’ आणि ‘रिकव्हरी’ची विचारणा असते, महिन्याच्या आढावा बैठकीत आकडे दाखवायचे असतात. अशा वेळी पारध्यांच्या पालांवर पहाटे गाडी जाणे हा सर्वांत सोपा मार्ग ठरतो. तिथल्या बाईच्या अंगावर सोन्याचा मणी दिसला तरी त्याची पावती विचारली जाते. ही तक्रार भटक्या-विमुक्तांच्या चळवळीतले कार्यकर्ते अनेक दशके मांडत आहेत. लक्ष्मण गायकवाड यांच्या ‘उचल्या’ या आत्मकथनाला 1988 मध्ये साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, तेव्हा हे जग मराठी मध्यमवर्गाच्या दिवाणखान्यात पोचले. ठाण्याच्या कामकाजात त्याने फरक पडला असे म्हणवत नाही. 1998 मध्ये पश्चिम बंगालमधल्या पुरुलियात बुधन शबर या विमुक्त जमातीतल्या तरुणाचा कोठडीत मृत्यू झाला. त्यानंतर महाश्वेतादेवी, गणेश देवी आणि गायकवाड यांनी मिळून विमुक्तांच्या हक्कांसाठी देशपातळीवरची संघटना उभारली.

या यंत्रणेची रोजची हत्यारे मोठ्या कलमांची नसतात. ती प्रतिबंधक कारवाईची असतात. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतली 107, 109, 110 आणि 151 ही कलमे, म्हणजे महाराष्ट्रात ज्यांना ‘चॅप्टर केस’ म्हणतात त्या कारवाया. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत त्या 126, 128, 129 आणि 170 या क्रमांकांनी तशाच आल्या आहेत. गुन्हा घडलेला नसतो, घडू नये म्हणून बाँड लिहून घ्यायचा असतो. महाराष्ट्र पोलीस कायद्यात सूर्यास्त ते सूर्योदय या वेळेत संशयास्पद स्थितीत आढळणे हाही गुन्हा ठरू शकतो. त्याच कायद्याच्या 56 व्या कलमाखाली माणसाला तडीपार करता येते. गणपती, निवडणूक, मोर्चा जवळ आला की या नोटिसा निघतात आणि त्या यादीत नाव एकदा चढले की उतरवणे महाकठीण. जानेवारी 2022 मध्ये जालन्यातल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने बजावले की तडीपारी हा अपवादात्मक उपाय आहे आणि तो सहजगत्या वापरता येणार नाही.

न्यायालयाने अलीकडे आणखी दोनदा या दुखण्यावर बोट ठेवले. मे 2024 मध्ये दिल्लीतल्या हिस्ट्रीशीटच्या, म्हणजे पोलिसांनी सराईत मानलेल्यांच्या नोंदींच्या, प्रकरणात, मागास समाजातल्या निरपराध व्यक्तींची नावे पूर्वग्रहातून अशा नोंदींत चढू नयेत, असे सांगत राज्यांनी आपापली धोरणे तपासावीत असे सुचवले. ऑक्टोबर 2024 मध्ये पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर निकाल देताना तुरुंगातल्या जातीवर आधारित तरतुदी घटनाबाह्य ठरवल्या आणि विमुक्त जमातींतल्या लोकांना मनमानी अटक होऊ नये, असेही बजावले. मोजमापाची अडचण मात्र इथेही आहेच. 1931 नंतर या समाजांची स्वतंत्र, संपूर्ण गणना झालेली नाही. बाळकृष्ण रेणके आयोगाने 2008 मध्ये त्यांची संख्या 10 ते 11 कोटींच्या घरात असल्याचा अंदाज दिला होता. ज्यांची एकूण संख्याच ठाऊक नाही, त्यांना किती प्रमाणात उचलले जाते, हे टक्केवारीत मांडता येत नाही.

धर्म, आणि ठाण्यातली धारणा

महाराष्ट्रातल्या तुरुंगांत मुस्लिमांचे प्रमाण लोकसंख्येच्या मानाने बरेच जास्त का, हा प्रश्न राज्य अल्पसंख्याक आयोगाने टाटा समाजविज्ञान संस्थेकडे सोपवला. विजय राघवन आणि रोशनी नायर यांनी राज्यातल्या तुरुंगांमधल्या मुस्लिम कैद्यांशी बोलून अभ्यास केला. त्यातून उभे राहिलेले चित्र सराईत टोळीवाल्यांचे नव्हते. अल्पशिक्षित, तुटपुंज्या कमाईची, टोळीशी संबंध नसलेली आणि वकील परवडत नसलेली माणसे त्यात बहुसंख्य होती. आपल्या धर्मामुळे पोलीस वेगळे वागतात, अशी भावना अनेकांनी बोलून दाखवली.

कैद्याची भावना हा पुरावा नव्हे, असे म्हणता येईल. मग पोलिसांनाच विचारलेले बरे. ‘कॉमन कॉज’ आणि ‘लोकनीती’ यांनी 2019 मध्ये 21 राज्यांतल्या जवळपास 12 हजार पोलिसांची पाहणी केली. मुस्लिमांचा कल स्वभावतःच गुन्ह्याकडे असतो, या म्हणण्याशी त्यांतल्या निम्म्या पोलिसांनी कमी-अधिक सहमती दर्शवली : 14 टक्के पूर्णपणे, 36 टक्के काही अंशी. धारणा म्हणजे कृती नव्हे, हेही खरे. पण रात्री दोन वाजता नाक्यावर दोघांपैकी एकाची दुचाकी बाजूला घ्यायची असते, तेव्हा हाताशी कायद्याचे पुस्तक नसते, धारणाच असते. ही पाहणी पोलिसांवर ठपका ठेवून थांबत नाही, हेही नोंदवायला हवे. चौदा-चौदा तासांची ड्युटी, साप्ताहिक सुटीची मारामार, अपुरे मनुष्यबळ आणि राजकीय दबाव हे तिच्यात तपशिलाने येते. थकलेला माणूस सवयीच्या खुणांवर चालतो आणि त्या खुणा त्याला समाजाने शिकवलेल्या असतात.

न झालेली भेट

आतापर्यंतची चर्चा पोलीस ज्यांच्याकडे जातात त्यांची. ज्यांनी पोलिसांकडे जायला हवे आणि जे जात नाहीत, त्यांची गोष्ट तितकीच मोठी आहे आणि तिच्यात स्त्रिया सर्वांत पुढे आहेत.

2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी फक्त 14 टक्के स्त्रियांनी कुणाची तरी मदत मागितल्याचे दिसले. 77 टक्क्यांनी मदत मागितली नाही आणि कुणाला सांगितलेही नाही. मदत मागणाऱ्यांचाही पहिला आधार माहेर असते, पोलीस यादीत फार खाली येतात. कॉमनवेल्थ ह्यूमन राइट्स इनिशिएटिव्ह या संस्थेने 2015 मध्ये दिल्ली आणि मुंबईत केलेल्या पाहणीत लैंगिक छळाच्या दिल्लीत 13 पैकी आणि मुंबईत 9 पैकी एकच घटना पोलिसांपर्यंत पोचल्याचे आढळले. तेव्हा स्त्रियांचा पोलिसांशी संबंध पुरुषांपेक्षा कमी येतो, हे वाक्य आकड्यांच्या दृष्टीने खरे असले तरी त्यात सुरक्षिततेची खूण शोधणे चूक ठरेल.

ठाण्यात पोचल्यावर काय होते? संशोधक निर्विकार जस्सल यांनी हरियाणातल्या चार लाखांहून अधिक एफआयआरचा मागोवा घेतला. स्त्रियांच्या तक्रारी नोंदवायला वेळ जास्त लागतो, त्या रद्द होण्याचे प्रमाण जास्त आणि आरोपी सुटण्याचेही जास्त, असे त्यातून दिसले. म्हणजे गळती एकाच ठिकाणी नाही, टप्प्याटप्प्यावर आहे. आशा दाखवणारा प्रयोग शेजारच्या मध्य प्रदेशातला. तिथल्या 180 पोलीस ठाण्यांत संशोधकांनी पोलीस दलाच्या सहकार्याने महिला मदत कक्षांची चाचणी घेतली. काही ठाण्यांत कक्ष, काहींत नाही, अशी चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवड होती. 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार कक्ष असलेल्या ठाण्यांत स्त्रियांच्या तक्रारींची नोंद वाढली आणि जिथे कक्षाची सूत्रे महिला अधिकाऱ्याकडे होती तिथे ती विशेष वाढली. देशाच्या पोलीस दलात स्त्रिया आजही साधारण आठांत एक आहेत, हे लक्षात घेतले की या निष्कर्षाचे वजन कळते.

दलितांच्या बाबतीत हाच दरवाजा आणखी जड होतो. 1989 चा अत्याचार प्रतिबंधक कायदा कर्तव्यात कसूर करणाऱ्या लोकसेवकालाही शिक्षा सांगतो, कारण गुन्हा नोंदवायचीच टाळाटाळ होते हे कायदा करणाऱ्यांना माहीत होते. मार्च 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, कऱ्हाडमधून सुरू झालेल्या डॉ. सुभाष महाजन प्रकरणात, गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशीची वाट उघडी केली. देशभर उद्रेक झाला, संसदेने त्याच वर्षी कायदा दुरुस्त केला आणि 2019 मध्ये न्यायालयानेही आपले ते निर्देश मागे घेतले. हा सारा वाद वस्तुतः एका टेबलाभोवतीचा होता : ठाणे अंमलदाराच्या. दखलपात्र गुन्ह्याची खबर आली की एफआयआर नोंदवलाच पाहिजे, असे घटनापीठाने ललिता कुमारी प्रकरणात 2013 मध्येच सांगितले होते. तरीही गावातल्या मजुराला आधी ‘साहेब बाहेर गेलेत’ ऐकावे लागते, मग ‘एनसी (अदखलपात्र नोंद) घेतो, मिटवून टाका’. सोबत सरपंच किंवा नगरसेवकाचा माणूस असला की तेच टेबल हलते.

गरिबीच गुन्हा असते तेव्हा

वर्ग हा जात आणि धर्माइतकाच, काही वेळा त्यांहून जास्त, पोलिसांशी होणाऱ्या भेटी ठरवतो. कारण साधे आहे : गरिबाचे खासगी आयुष्यही सार्वजनिक जागेत चालते. बंगल्यात दारू पिणाऱ्याला पोलीस दिसत नाहीत, फुटपाथवर पिणाऱ्याला दिसतात. फेरीवाला, रिक्षावाला, कचरा वेचणारी बाई यांची रोजीरोटीच रस्त्यावर असल्याने त्यांचा पोलिसांशी रोज संबंध येतो. 1959 च्या मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायद्याने तर निर्वाहाचे साधन नसताना फिरणेच कारवाईला पात्र ठरवले. दिल्ली उच्च न्यायालयाने ऑगस्ट 2018 मध्ये दिल्लीपुरता त्यातला मुख्य भाग रद्द केला. तृतीयपंथीयांच्या मागे हा ससेमिरा 1871 पासूनच आहे, त्या वर्षीच्या गुन्हेगार जमाती कायद्याचा एक भाग त्यांच्यासाठी स्वतंत्र होता.

‘गुन्हे तिथे पोलीस’ हा युक्तिवाद

या सगळ्यावर एक आक्षेप नेहमी येतो आणि तो झटकून टाकण्याजोगा नाही. पोलीस जिथे गुन्हे घडतात तिथे जातात. काही वस्त्यांत, काही वयोगटांत गुन्हे जास्त असतील तर तिथे भेटीही जास्त होणार. वयाच्या बाबतीत यात तथ्य आहे. जगभर रस्त्यावरच्या गुन्ह्यांत किशोरवय ते पंचविशीतले पुरुष अधिक सापडतात, त्यामुळे पोलिसांनी त्यांच्याकडे अधिक पाहणे समजण्याजोगे आहे.

पण युक्तिवाद दोन ठिकाणी लंगडा पडतो. एक, ‘जिथे गुन्हे घडतात’ हे आपल्याला पोलिसांच्याच नोंदींवरून कळते. आयडीएफसी इन्स्टिट्यूटने 2017 मध्ये दिल्ली, मुंबई, बंगळूर आणि चेन्नईतल्या वीस हजारांवर कुटुंबांना विचारले, तेव्हा चोरी झालेल्यांपैकी दहा टक्क्यांहूनही कमी लोकांची गोष्ट एफआयआरपर्यंत गेलेली निघाली. जिथे पोलीस शोधतात तिथेच गुन्हा सापडतो आणि जिथे तक्रार लिहून घेतली जात नाही तिथला गुन्हा कागदावर घडतच नाही. दोन, या युक्तिवादाची कसोटी घेता येते. अंधाराची चाचणी आणि झडतीतून काय सापडले याची चाचणी त्यासाठीच तर आहेत. जिथे त्या लावल्या गेल्या, तिथे गुन्ह्यांच्या प्रमाणाने फरकाचा काही भाग समजला, सगळा नाही. आपल्याकडे त्या लावण्याजोगी नोंदच नसताना ‘गुन्हे तिथे पोलीस’ हे गृहीतच राहते, सिद्ध होत नाही.

हिशेब कुणी ठेवायचा?

पोलीस दलात सर्व समाजांचे लोक आले की प्रश्न सुटेल, असे म्हणतात. थोडा सुटतो. शिकागोच्या नोंदींवरचा 2021 मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की त्याच परिस्थितीत कृष्णवर्णीय अधिकारी गोऱ्या अधिकाऱ्यांपेक्षा कमी लोकांना थांबवतात आणि कमी अटका करतात. मध्य प्रदेशातला महिला अधिकाऱ्यांचा अनुभवही त्याच दिशेचा. पण भरतीला पिढी लागते. नोंदीला लागत नाही.

म्हणून पहिली मागणी कागदाची असायला हवी. नाकाबंदीत वाहन बाजूला घेतले, माणसाला चौकशीसाठी ठाण्यात आणले, वस्तीत झडती घेतली, तर वेळ, ठिकाण, कारण आणि फलित लिहिलेली चार ओळींची पावती त्याच्या हातात पडली पाहिजे. चॅप्टर केस, तडीपारी आणि हिस्ट्रीशीट यांचे सामाजिक गटांनुसार आकडे, नावे वगळून, दर वर्षी जाहीर व्हायला हवेत आणि नव्याने गुन्हा नसलेली नावे ठराविक मुदतीनंतर आपोआप उतरायला हवीत. दुसऱ्या बाजूला, ठाण्यात कोण तक्रार घेऊन आला आणि त्याचे काय झाले, एफआयआर की एनसी की नुसती बोळवण, हेही त्याच तक्त्यात हवे. पहिला रकाना पहाऱ्याचा, दुसरा संरक्षणाचा. दोन्ही शेजारी ठेवल्याशिवाय चित्र पुरे होत नाही, कारण पहिल्या रकान्यात ज्यांची गर्दी, तेच दुसऱ्या रकान्यात गायब असतात.

यात पोलिसांचे नुकसान नाही. आज कुठल्याही पक्षपाताच्या आरोपावर दलाकडे ‘तसे काही नाही’ याखेरीज उत्तर नसते. नोंद असेल तर खोटा आरोप आकड्याने खोडता येईल आणि खरा असेल तर तो कुठल्या ठाण्यात, कुठल्या वेळी, कुठल्या कलमाखाली होतो, हे कळेल. विधानसभेच्या दर अधिवेशनात राज्यातल्या गुन्ह्यांच्या आकड्यांवर तावातावाने चर्चा होते. पोलिसांनी कुणाला गाठले आणि कुणाला परत पाठवले, या आकड्यांवर ती एकदा तरी व्हायला हवी; त्यासाठी गृहखात्याने ते आधी गोळा करायला हवेत.